आयगरच्या समोरच्या धारेवरून: बर्नीज ओबरलँड पायी फिरायचं तर

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँड या डोंगरी भागातलं म्युरेन हे गाव १६३८ मीटरवर आहे. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकावर उभं राहून आपण फोटो काढतो, जवळजवळ त्याच उंचीवर तिथे किराणा दुकान आहे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आहेत आणि रेल्वे स्टेशन आहे. दरीपलीकडे युंगफ्राऊ उभी, ४१५८ मीटर. म्हणजे गावाच्या वर अजून अडीच हजार मीटर डोंगर शिल्लकच.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा अंदाज इथेच चुकतो. माझाही चुकला.

पहिल्यांदा मी आईबाबांबरोबर टूरने गेलो होतो. क्लाइने शाइडेगच्या फलाटावर गाडी बदलायची होती. ग्रुप लीडरने झेंडा वर धरला आणि 'पंधरा मिनिटं, कुणीही लांब जाऊ नका' असं बजावलं. फलाटाच्या मागून एक पायवाट निघत होती. पिवळी पाटी, त्यावर गावांची नावं आणि पुढे तास-मिनिटं. पाठीवर सॅक घेतलेलं एक म्हातारं जोडपं त्या वाटेने निवांत निघून गेलं. आम्ही गाडीत बसून बोगद्यातून युंगफ्राऊयोखला गेलो, बर्फात फोटो काढले, भारतीय जेवण जेवलो, खाली आलो. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण ती पाटी डोक्यातून गेली नाही. पाच वर्षांनी सप्टेंबरात दहा दिवस काढून एकटाच गेलो, आणि त्या वाटेने चाललो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आयगर, म्योंश, युंगफ्राऊ ही त्रिकुटाची शिखरं पायी फिरणाऱ्याची नाहीत. तिथे हिमनद्या आहेत, दोर लागतो, गाइड लागतो. आपलं सुख त्यांच्यासमोरच्या सोंडांवर, धारांवर आणि कुरणांवर आहे. मोठा डोंगर पाहायचा तर त्याच्यावर असून उपयोग नाही, त्याच्यासमोर असावं लागतं. युंगफ्राऊयोखच्या ३४५४ मीटरवरून युंगफ्राऊ जेवढी दिसते, त्याच्या दसपट ती समोरच्या फाउलहॉर्न या डोंगराच्या धारेवरून दिसते.

नावं वाचायला शिका

नकाशा हातात घेतला की जर्मन नावं अंगावर येतात. तोडून वाचली तर निम्मी वाट समजते. 'बाख' म्हणजे ओढा, 'झे' म्हणजे तलाव, 'एग' म्हणजे धार, 'हॉर्न' म्हणजे शिंगासारखा सुळका, 'फुर्गे' म्हणजे खिंड. 'योख' म्हणजे चक्क जू. बैलाच्या मानेवरचं आपलं जू आणि हा शब्द मुळात एकाच घरातले. युंगफ्राऊ आणि म्योंश या दोन बैलांमधलं जू ते युंगफ्राऊयोख, असं लक्षात ठेवलं की विसरत नाही.

आणि 'आल्प'. तिथल्या लोकांच्या बोलण्यात आल्प म्हणजे डोंगर नव्हे. आल्प म्हणजे उन्हाळी चराईचं कुरण. जूनमध्ये गुरं वर चढवायची, सप्टेंबरात खाली आणायची, मधल्या काळात वरच चीज करायचं. नकाशावर ग्र्युचआल्प, ग्रीसआल्प असं काही दिसलं की तिथे गवत, गुरं, पाणी आणि बहुधा चहा-सुपाची सोय असणार असं समजा.

कधी जायचं

आपल्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात आणि डोंगर वाटांसाठी नेमके तेव्हाच बंद असतात. दोन हजार मीटरच्या वर जूनच्या मध्यापर्यंत, कधी जूनअखेरपर्यंत बर्फ पडून असतं. मे महिन्यात लाउटरब्रुनेनची दरी हिरवीगार असते, धबधबे भरून वाहतात, पण फाउलहॉर्नची धार विसरा. पायी फिरायचा खरा मोसम जूनअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात.

जुलै-ऑगस्टमध्ये फुलं असतात आणि दिवस लांब असतो, पण दुपारी वीज-वादळं उठतात. सप्टेंबरात गर्दी ओसरते, हवा स्वच्छ आणि बऱ्यापैकी स्थिर असते. मला विचाराल तर गणपती उरकून निघावं. ऑक्टोबर सरता सरता बहुतेक रोपवे आणि डोंगरी गाड्या देखभालीसाठी बंद होतात, तेव्हा तारखा आधी तपासा.

मुक्काम आणि तिकिटं

रोज मुक्काम बदलू नका. एका जागी राहा आणि गाडीने डोंगराच्या पायथ्याशी जा. इंटरलाकेन सोयीचं आहे, पण मी शेजारच्या विल्डर्सविलला राहिलो. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी डोंगरी गाडी पहिल्यांदा इथेच थांबते, आणि शिनिगे प्लाटेची दात्यांची रेल्वे तर इथूनच निघते. गावाच्या मुक्कामाबरोबर गेस्ट कार्ड मिळतं, त्यावर जवळपासच्या बस फुकट.

या गाडीची एक गंमत आहे, ती माहीत नसली तर पहिला दिवस फुकट जातो. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेन स्टेशनवर दुभंगते. एक तुकडा लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर आणि डब्यावर लिहिलेलं असतं. मी पहिल्या दिवशी खिडकी चांगली मिळाली म्हणून बसलो आणि भलत्याच दरीत पोचलो.

स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन आणि म्युरेनपर्यंत चालतो. त्याच्या वर फक्त सवलत. तुमचा बेत एकाच भागात आठवडाभर राहायचा असेल, तर पर्यटकांसाठीचं महिनाभराचं हाफ फेअर कार्ड बहुधा स्वस्त पडतं, कारण त्यावर डोंगरी गाड्या आणि रोपवेही साधारण निम्म्या दरात मिळतात. बेत कागदावर मांडा, तिथल्या रेल्वेच्या, म्हणजे एसबीबीच्या, अॅपवर प्रत्येक प्रवासाचं भाडं बघा आणि बेरीज करा. ओळखीच्या कुणीतरी घेतला म्हणून पास घेऊ नका.

विमा घेताना शेंगेन व्हिसापुरता तीस हजार युरोंचा कागद पुरेसा समजू नका. डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका त्यात धरली आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.

पाटी काय सांगते

स्वित्झर्लंडमध्ये पासष्ट हजार किलोमीटरच्या आसपास पायवाटा आखलेल्या आहेत. पाट्या इतक्या नेमक्या, की आपल्याकडचा बाणांवर विश्वास न ठेवणारा ट्रेकर सुरुवातीला संशयानेच बघतो. तीन रंग ओळखा.

नुसती पिवळी पाटी, पिवळा चौकोन: साधी वाट. चांगले बूट असले की झालं. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा: डोंगरवाट. चढ-उतार तीव्र, कुठे अरुंद, कुठे दरीची बाजू उघडी. पाय स्थिर हवा आणि दरी बघून डोळे फिरता कामा नयेत. पांढरा-निळा-पांढरा: अल्पाइन वाट. हिमनदी, घसारा (सुट्या दगडांचा उतार), हात वापरून चढणं. पहिल्या खेपेला निळ्याच्या वाटेला जाऊ नका, मग तुम्ही सह्याद्रीतले कितीही सुळके केलेले असोत.

पाटीवर अंतर नसतं, वेळ असतो. तो विश्रांती न धरता लिहिलेला असतो. फोटो, पाणी, डबा सगळं वेगळं. स्वतःचा हिशेब करायचा तर एक सोपी रीत आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढणीला तासाला ३०० मीटर उंची, उतरणीला तासाला ५००. अंतराचा वेळ आणि उंचीचा वेळ वेगवेगळा काढा. जो मोठा तो पूर्ण घ्या, जो लहान त्याचा निम्मा त्यात मिळवा.

उदाहरण घेऊ. ग्रिंडेलवाल्डच्या वरचं रोपवेचं फिर्स्ट स्टेशन २१६८ मीटर, फाउलहॉर्न २६८१. चढण ५१३ मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन तास. अंतर साडेपाच किलोमीटर, सुमारे एक तास वीस मिनिटं. त्याचे निम्मे चाळीस मिनिटं. एकूण दोन तास पंचवीस मिनिटं. पाटीवरचा आकडाही याच्या आसपासच असतो. पहिल्या दोन दिवशी यात पाव भाग वाढवून धरा.

फोनमध्ये स्विसटोपोचं अॅप घ्या. सरकारी नकाशे त्यात फुकट मिळतात आणि बंद केलेल्या वाटाही दिसतात. नकाशा आधी उतरवून ठेवा. पाटीवर 'गेश्पेर्ट' असा शब्द दिसला की वाट बंद. तिथे 'बघू तरी पुढे जाऊन' हा आपला स्वभाव आवरायचा.

सॅकेत काय

उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इंटरलाकेनला २६ अंश असताना फाउलहॉर्नवर बारा-तेरा असतात, आणि वारा वेगळा. आपल्या पावसात भिजलं तर मजा येते, कारण तो पाऊस उबदार असतो. इथला पाऊस अडीच हजार मीटरवर गारेत आणि बर्फात बदलतो, ऑगस्टातसुद्धा. म्हणून कॉटनचा टी-शर्ट आणि जीन्स खोलीवर ठेवा. अंगालगत लवकर वाळणारं कापड, वर फ्लीस, त्यावर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. पातळ हातमोजे आणि कानटोपी, जुलैतही.

बुटाचा तळ खोल खाचांचा हवा. बसाल्टचा खरखरीत कातळ पाय धरून ठेवतो, तिथला चुनखडक तसा नाही. हजारो पावलांनी तो गुळगुळीत झालेला असतो आणि ओला झाला की साबणाची वडी. काठ्या दोन घ्या, विशेषतः पस्तिशी ओलांडली असेल तर. या भागात गाडी तुम्हाला वर नेऊन सोडते, त्यामुळे आपल्या नेहमीच्या हिशेबाच्या उलटं होतं: चढण थोडी, उतरण फार. दम शिल्लक राहतो आणि गुडघे संपतात.

गॉगल, सनस्क्रीन, शिट्टी, हेडटॉर्च, पॉवर बँक, दीड लिटर पाणी. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तेवढंच सोडा.

कोणत्या क्रमाने

पाच दिवसांचा क्रम देतो. यात पाच वेगळे डोंगर आहेत: दरीचा तळ, कड्यावरची माची, भिंत, धार आणि तलाव. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, फक्त शेवटचा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे.

पहिला दिवस दरीचा. लाउटरब्रुनेन स्टेशनवरून श्टेखेलबेर्गपर्यंत सहा-सात किलोमीटर जवळजवळ सपाट वाट आहे. विमानाचा शीण असताना एवढंच पुरे. हिमनदीने कोरलेली ही दरी, तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. कोकणकडा दोन्ही बाजूंना उभा करून मधून गाडीरस्ता काढला तर काय होईल, तसं काहीसं. श्टाउबबाखचा धबधबा २९७ मीटरवरून पडतो. वाऱ्याच्या दिवशी पाणी खाली पोचेपर्यंत त्याची धूळ होते, नावही तेच सांगतं, 'धुळीचा ओढा'. वाटेत ट्र्युमेलबाख आहे. हे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत आणि आयगर, म्योंश, युंगफ्राऊ या तिघांच्या हिमनद्यांचं पाणी एकट्याने खाली आणतात. भर उन्हाळ्यात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत शिरलात की पायाखालचा कातळ थरथरतो. जॅकेट घालूनच जा.

दुसरा दिवस माचीचा. लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्र्युचआल्प (१४८६ मीटर), तिथून रुळांच्या कडेकडेने म्युरेन. साडेचार किलोमीटर, चढ दीडशे मीटरचा, सव्वा तास. सगळा वेळ डाव्या हाताला आयगर-म्योंश-युंगफ्राऊ. ही छोटी रेल्वे १८९१ पासून चालते आणि म्युरेनला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे ऐकू येतात त्या फक्त गाईंच्या घंटा. म्युरेनहून अर्ध्या-पाऊण तासात गिमेलवाल्डला उतरा. तिथे बिनदुकानदाराचं एक दुकान आहे. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. आईबाबांना घेऊन गेलात तर त्यांच्यासाठी हाच दिवस ठेवा.

तिसरा दिवस भिंतीचा, आणि माझ्या मते सगळ्या फेरीचा गाभा. वेंगेनहून रोपवेने मेनलिखेन. तिथून क्लाइने शाइडेगपर्यंतची साडेचार किलोमीटरची वाट हळूहळू उतरत जाते, दीड तास. पांढरी नाही, लाल नाही, नुसती पिवळी. लहान मुलंही चालतात. शाइडेगला सूप प्या आणि मग आयगरग्लेचर स्टेशनपर्यंत (२३२० मीटर) चढा, अडीचशे मीटर, तासभर.

इथून आयगर ट्रेल सुरू होतो. सहा किलोमीटर, सातशे मीटर उतरण, आल्पिग्लेनपर्यंत दोन ते अडीच तास, पांढरा-लाल-पांढरा. ही वाट उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून जाते. भिंत सुमारे अठराशे मीटर उंचीची, चुनखडकाची, बहुतेक वेळ सावलीतली. आयगरचा माथा १८५८ मध्येच चार्ल्स बॅरिंग्टन आणि त्याचे दोन स्थानिक गाइड, क्रिस्तियान आल्मर व पेटर बोरेन, यांनी दुसऱ्या बाजूने गाठला होता. ही भिंत मात्र जुलै १९३८ पर्यंत कुणालाच चढता आली नाही. हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक या चौघांनी ती चढली, त्याआधी अनेक जण तिच्यावर मेले होते.

ट्रेलवर एके ठिकाणी मी सॅक टाकून बसलो. वरून बारीक कडकड आवाज आला, मग शांतता, मग दूर कुठेतरी दगड आपटल्याचा आवाज. मान वर केली तर काहीच दिसेना, एवढी ती उंच. दगड पडतात, त्यामुळे घसाऱ्याच्या पट्ट्यांत डबा उघडून बसू नका. पुढे गवताळ उंचवटे आहेत, तिथे बसा. जूनमध्ये इथे जुन्या बर्फाचे उतार वाटेवर आडवे असतात. ते पार करायचा मोह धरू नका. घसरलं की थांबायला खाली काही नसतं.

चौथा दिवस धारेचा. शिनिगे प्लाटे ते फाउलहॉर्न ते फिर्स्ट. सोळा किलोमीटरच्या आसपास, चालायचे सहा तास, धरा आठ. विल्डर्सविलहून सुटणारी शिनिगे प्लाटेची रेल्वे १८९३ ची आहे. लाकडी बाकांचे डबे, सात किलोमीटरला पाऊणएक तास. सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी पकडा, त्यानंतरची नको. वर १९६७ मीटरला अल्पाइन फुलांची बाग आहे. अर्धा तास मोडा, कारण पुढे दिवसभर जी फुलं दिसणार आहेत त्यांची नावं इथे लिहिलेली सापडतात.

पुढची वाट धारेच्या कधी या अंगाने, कधी त्या अंगाने जाते. एका खिडकीतून खाली ब्रिएन्झचा निळसर तलाव, वळण घेतलं की समोर बर्फाची रांग. सुरुवातीला चुनखडकाचे पांढरे कातळ आणि खळगे, पावसाने करवतीसारखे कापलेले. मधल्या मेंडलेनेनच्या खिंडीतली झोपडी (२३४४ मीटर) गेली की खडक बदलतो, काळपट, भुसभुशीत, थर सुटत असलेला. 'फाउल' म्हणजे कुजका. फाउलहॉर्न हे नाव त्या खडकावरून पडलं असं सांगतात आणि पायाखाली ते पटतं. पाऊस झाला असेल तर हा पट्टा चिखलाचा होतो. माथ्यावर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं हॉटेल आहे.

त्या हॉटेलच्या बाकावर मी केक खात बसलो. समोरचं दृश्य असं, की उठवेना. मग बाखआल्पझेला (२२६५ मीटर) पाण्यात पाय सोडून बसलो. फिर्स्टच्या स्टेशनात पोचलो तेव्हा रोपवेचा शेवटचा पाळणा जाऊन दहा मिनिटं झाली होती. वेळ सकाळीच वाचली होती; वाचली ती उन्हाळ्याची होती आणि सप्टेंबराची वेगळी, हे खालच्या ओळीत लिहिलेलं मी पाहिलंच नाही. ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटर. म्हणजे अकराशे मीटरची उतरण, तीन तास, शेवटचा एक तास टॉर्चवर. दुसऱ्या दिवशी जिने उलटे उतरत होतो. तुम्ही एवढंच करा: शेवटच्या पाळण्याची वेळ हातावर पेनाने लिहा, त्यातून दीड तास वजा करा आणि ती वजा केलेली वेळ पाळा.

एवढं सगळं नको असेल तर फिर्स्टहून बाखआल्पझे आणि परत, दोन तासांत होतं. पण सकाळी जा. दहाच्या पुढे वारा सुटतो आणि तलावातलं प्रतिबिंब मोडतं.

पाचवा दिवस तलावाचा. इंटरलाकेनहून श्पीत्स, तिथे गाडी बदलून कांडरश्टेग. पाळण्याने वर जाऊन वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ओएशिनेनझे, १५७८ मीटर. दरड कोसळून अडलेल्या पाण्याचा हा तलाव. काठावर बसून राहण्यापेक्षा हॉयबेर्गच्या वाटेने वर जा आणि ओबरबेर्गलीवरून तलावाशी उतरा, साडेतीन-चार तास. वरून पाण्याचा रंग दर वळणाला बदलतो. ही डोंगरवाट आहे, काही ठिकाणी बाजू उघडी आहे.

तलावाच्या वरच्या अंगाला श्पिट्झे श्टाय नावाचा डोंगराचा भाग सरकतो आहे. त्यावर सतत नजर ठेवलेली असते आणि त्याखालच्या वाटा बंद आहेत. दुरून बघून वाटतं, एवढा मोठा डोंगर काय पडतोय. कांडरश्टेगच्या बोगद्यापलीकडे ल्योचेनटाल ही दरी आहे. तिथल्या ब्लाटेन गावावर २८ मे २०२५ रोजी बर्च हिमनदी दगडधोंड्यांसकट कोसळली आणि बहुतेक गाव गाडलं गेलं. तीनशे गावकरी आठवडाभर आधीच हलवले होते, कारण कुणीतरी डोंगर मोजत बसलं होतं. बंद वाटेची लाल-पांढरी फीत ओलांडताना हे आठवा.

वीज, गुरं आणि मदत

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोनच्या आत धार सोडा. सकाळी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर वर चढताना दिसले तर त्याहून लवकर. तिथल्या हवामान खात्याचं, मेटिओस्विसचं, अॅप सकाळी आणि दहाला पुन्हा बघा. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर तुम्ही धोक्यात आहात. माथा, एकटं झाड, लोखंडी दोर यांपासून दूर व्हा, काठ्या बाजूला ठेवा, पाय जुळवून उकिडवे बसा.

गुरांची भीती वाटेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्याकडे गाय वाटेत बसली की आपण तिच्या पाठीवर थाप मारून पुढे जातो. तिथे कुरणात वासरांसह सोडलेल्या गाई असतात आणि त्या वासराजवळ आलेल्या माणसावर धावून जातात. वासराला हात लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुंपणाच्या तारेत करंट असतो. प्लास्टिकची मूठ धरून उघडा, आणि पार झाल्यावर परत लावा.

अडकलात तर ११२, किंवा हवाई बचावासाठी १४१४. नेटवर्क नसेल तर आल्प्सची जुनी खूण: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन असं येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करा. एकच हात वर आणि एक खाली म्हणजे 'मदत नको'. आपण आनंदाने एक हात हलवतो, ते नेमकं उलट ठरतं.

पोटाचं

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, पण वैविध्याची आशाही ठेवू नये. र्योश्टी (किसलेला बटाटा परतून केलेली), चीज घालून भाजलेला पाव, आणि आल्पलरमाग्रोनेन, म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत सफरचंदाची चटणी. हे शेवटचं ऐकायला विचित्र, पण थंडीत चाललेल्या माणसाला लागतं फार छान. सूप मात्र विचारूनच घ्या, बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. दुपारसाठी को-ऑप किंवा मिग्रो या सुपरमार्केटांमधून पाव, चीज, फळं घ्या. रविवारी स्टेशनवरची सोडून दुकानं बंद असतात. घरून थालीपीठ, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी चालेल. पेढे, खवा, तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे.

दोन दिवस जास्त असतील तर

डोंगरावरच्या एका हटमध्ये, म्हणजे ट्रेकरांच्या मुक्कामाच्या घरात, एक रात्र काढाच. कांडरश्टेगच्या डोक्यावर ब्ल्युमलिसआल्प हट आहे, २८४० मीटर, होटर्लीच्या खिंडीजवळ. चढण तीव्र आहे, ओएशिनेनझेकडून बाराशे मीटरहून जास्त, वरच्या टप्प्यात घसारा. चौथ्या दिवसाची धार तुम्ही सहज केली असेल तरच याचा विचार करा.

हटची शिस्त आपल्या गडावरच्या मुक्कामापेक्षा वेगळी. जागा आधी राखावी लागते, आणि येणार नसाल तर कळवावं लागतं, नाहीतर ते शोधायला निघू शकतात. बूट खाली काढायचे, तिथल्या चपला घालायच्या. गादी आणि रजई असते, पण आपली पातळ झोपपिशवी न्यायलाच हवी. पाणी बाटलीतलं, विकत, कारण तिथे नळाला बर्फ वितळलेलं येतं किंवा येतच नाही. जेवण साडेसहाच्या सुमारास, सगळ्यांना एकच, शाकाहारी हवं तर राखतानाच सांगा. दहाला दिवे बंद. रोख पैसे बाळगा, कचरा परत खाली न्या. एका लांबलचक फळीवर आठ-दहा अनोळखी माणसं ओळीने झोपतात, आणि त्यातला निदान एक घोरतो. कानात घालायचे बोळे सॅकेच्या वरच्या खणात ठेवा. अंधारात खालच्या खणातले सापडत नाहीत.